मिठावरच्या काळ्या थाळ्या

नॅम्पा, २ जून

ती. व्हर्नाताईस,
डॅलिनचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण एकमेकांना बोलू देत नाही, म्हणून पत्र. शर्यतीच्या गाडीच्या चाकांवरची झाकणं झाली, चारही आजच पार्सलने पाठवली. जोलीन त्यांना थाळ्याच म्हणते, कारण त्या तिच्या स्वयंपाकघरात जन्मल्या. साचा म्हणून बाबांचं अ‍ॅल्युमिनियमचं जुनं झाकण घेतलं. पहिल्या वेळी साच्याला मेण लावण्यात कंजुषी केली, तर कार्बनचं कापड रेझिनच्या गोंदासकट असं चिकटलं की पाचरी ठोकून फोडावं लागलं. जोलीन म्हणाली, चिकट सासरची चिकट वस्तू. मग मेण सढळ हाताने लावलं, वर प्लास्टिकची पिशवी घालून जुन्या फ्रीजच्या पंपाने हवा ओढली. आता थाळी दोन बोटांनी उचलली जाते. बाबांच्या झाकणाला पोचा होता, तो चारही थाळ्यांत उतरलाय. मी मुद्दामच बुजवला नाही.

डाव्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शर्यतीच्या दाखल्यावर ही शेवटची सही, पुढच्या साली येऊ नका. बाबांनी गाडी दोघांत ठेवली, एक साल तुझं, एक माझं. गेल्या साली मिठाच्या मैदानावर पाणी साचलं, शर्यती रद्द झाल्या आणि नंबर असून मी घरी बसलो. यंदा तरी मैदान कोरडं राहो. मला एकदाच चालवायची आहे, ताई. ईस्टरला गाडीच्या दारावर रंगवलेलं माझं नाव नीट वाळलं का?

लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी चालेल.
तुझा डॅलिन


ग्रँट्सव्हिल, १९ जून

चि. डॅलिनास अनेक आशीर्वाद,

थाळ्या पोचल्या. बाबांचा पोचा बघून गॅरेजात एकटीच हसले, मग रडलेही. मापाला अगदी चोख बसल्या. लहानपणी तू खुर्ची दुरुस्त करायला घेतलीस की टेबलही मोडायचं, त्यामुळे नवल वाटलं. आतून काचेच्या धाग्यांचं कापड लावलंस हे बरं केलंस. मिठाच्या ओलीत कार्बन अ‍ॅल्युमिनियमला कसा खातो, ते शेजारच्या लॉयलच्या चाकांवर पाहिलंय.

नाव वाळलं. तू मात्र उन्हात लवकर येऊन बसू नकोस, डोळ्याला जप. मैदान तयार झालं की तारीख मीच कळवीन. जोलीनला माझं प्रेम सांग.

माया आहे तशीच.
व्हर्ना


ग्रँट्सव्हिल, २३ ऑगस्ट

चि. डॅलिनास आशीर्वाद,

रागावू नकोस असं लिहिणार होते, पण तू रागावणारच. शर्यती झाल्या. गाडी मी चालवली. गेल्या साली नंबर तुझा होता, तो पाण्याने खाल्ला, त्याला मी काय करू? यंदाचं साल माझं. जातानाच्या फेरीत बाबांचा विक्रम मागे पडला, दुसऱ्या सकाळी तो पक्का करायच्या परतीच्या फेरीतही. थाळ्या हलल्यासुद्धा नाहीत. विचारील त्याला सांगितलं, माझ्या भावाने केल्यात.

शिवाय एका डोळ्याने तुला त्या वेगात सोडलं असतं आणि काही झालं असतं, तर जोलीनला काय तोंड दाखवलं असतं? तपासनीस म्हणाले, दारावर चालवणाऱ्याचंच नाव हवं. तुझ्या नावावर पट्टी चिकटवून माझं लिहिलं. पुढच्या साली नक्की तू.

ताईवरचा लोभ कमी करू नकोस.
व्हर्ना


नॅम्पा, ३ सप्टेंबर

ती. व्हर्नाताईस सा. न.

विक्रमाबद्दल अभिनंदन. जोलीन म्हणते, तुझ्या बहिणीने केसाने गळा कापला. आजवर ती तुझ्याविषयी बोलली की मी तिला गप्प करायचो. या वेळी केलं नाही.

बाबा म्हणायचे, चाक फिरलं नाही ते साल धरायचं नाही. तुझं पहिलंच साल पाण्यात गेलं, तेव्हा पुढच्या साली गाडी त्यांनी तुलाच दिली आणि मी ती ढकलायला उभा होतो. कुरकुर केली नव्हती. डोळ्याची भीती होती, तर जूनमध्ये सांगायचं होतंस. मी भांडलो असतो, कदाचित ऐकलंही असतं. तू तारखेची वाट बघायला लावलीस. मी बॅग भरून बसलो होतो.

आणि पुढच्या साली नक्की तू, हे लिहायला नको होतं. दाखल्याचं तुला मीच कळवलं होतं.

थाळ्या तिथेच राहू देत. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धू, नाहीतर मीठ स्क्रूंना खाईल. दारावरची पट्टी मात्र काढायच्या भानगडीत पडू नकोस. खालचं नाव आता कुणाला लागणार नाही.

लोभाचं तूच बघ.
डॅलिन