सात रांजणांची वसाहत

९ मार्च
खाडीत माशांच्या पिल्लांसाठी वसाहत उभी राहिली. खरा खर्च: बायकोचे, म्हणजे सेवस्तीचे, तेलाचे सात रांजण (आता खाडीच्या तळाशी), माझ्या कमरेत भरलेली उसण, आणि चार दिवस घरात नुसती मसूर. लोकांना सांगितलं, बसल्या जागी झालं.

कारण साधं आहे. आमचा मुलगा थेमेलिस शेजारच्या बेटावर होणाऱ्या सासऱ्याच्या होडीवर मासे धरतो. मेअखेर लग्न. म्हणतो, आपल्या खाडीत मासाच नाही, येऊन करू काय? ठीक. मासा मी आणतो. मी समुद्राच्या तळातून स्पंज काढून काढून वर आलेला माणूस आहे. वरची खोली दोघांसाठी रंगवून तयार.

१४ मार्च
पिल्लं मोजायला सरकारी बाई आलीय, एव्हदोकिया. तिच्या मते अंडी उघड्या समुद्रात फुटतात, कणीएवढी पिल्लं तीन-चार आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, मग किनाऱ्याशी येऊन एक जागा धरतात. मी म्हटलं, म्हणजे आपल्या गावी परत. ती म्हणाली, तसं काही नसतं, जिथे आडोसा आणि खाणं मिळेल तिथे. तरुण आहे. शिकेल.

संध्याकाळी कॉफीखान्यात सर्वांदेखत सांगितलं, "पोर माशाचं असो की माणसाचं, बापाच्याच दारी येऊन राहतं. मलाच बघा. जन्मात या दारातून हललो नाही." मालक साकेलारिस, म्हणजे सेवस्तीचा भाऊ, बराच वेळ खोकत राहिला. दमा असावा.

२ एप्रिल
एकही पिल्लू नाही. कारण सापडलं. रांजणांवर शेवाळ धरलंय. ईस्टर तोंडावर, सगळं गाव घरांना चुना लावतंय, आणि माझ्या पाहुण्यांनी हिरव्या बुरशीत राहायचं? सातही वर ओढले. आतून-बाहेरून चुन्याचे दोन हात. तोंडाभोवती निळी रेघ.
सेवस्तीने विचारलं, दाराला घंटी लावायची का? विचार करतोय.

४ एप्रिल
रांजण पुन्हा खाली. पाणी दुधासारखं झालंय. शुभशकुन. दोन खेकडे राहत होते, ते निघून गेले. जागा झाली.

१३ एप्रिल
ईस्टर झाला. थेमेलिस आला नाही. तिकडचं कोकरू मोठं होतं म्हणे. मीही मोठंच आणलं होतं. शेजाऱ्यांनी खाल्लं.

२८ एप्रिल
चुना धुऊन गेला आणि भाडेकरू आले. सातही रांजण भरले. प्रत्येकात एकेक ऑक्टोपस.
एव्हदोकिया पाण्यातून वर आली ती हसतच. नाकात पाणी गेलं तरी थांबेना. साकेलारिस काठावरूनच म्हणाला, "दाजी, आपले आजे-पणजे दोरीला रांजण बांधून ऑक्टोपसच धरायचे. तुम्ही फक्त रंगरंगोटी केलीत."
मी सांगितलं, ते राखणदार आहेत.
एव्हदोकिया म्हणते, राखणदार पिल्लं खातात. थोडीफार खातील. पगार कुठे देतोय आपण?

६ मे
पिल्लं आली. साकेलारिसच्या कॉफीखान्याखाली आली, जिथे तो तीस वर्षं भांडी विसळतोय आणि होड्यांच्या दोरांवर हातभर शेवाळ लोंबतंय. नुसती चांदी उधळल्यासारखी. एव्हदोकिया मोजून दमली. साकेलारिस मिशीला पीळ देत फिरतोय, जणू त्यानेच घातलीत.
पण खाडी एकच. म्हणजे प्लॅन यशस्वी.
लगेच थेमेलिसला फोन. म्हटलं, मासा आला, आता तूही ये.
तो म्हणाला, तिला बापाने घर दिलंय, आम्ही तिथेच राहणार.
मी म्हटलं, मुलगा बायकोच्या घरी राहायला जातो, हे कुठे ऐकलंस?
"बाबा," तो हळूच म्हणाला, "आपल्या या बेटांवर सगळेच जातात. तुम्ही नाही का आलात?"
मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. फोन ठेवला.

७ मे
सेवस्तीने ऑक्टोपस व्हिनेगरमध्ये शिजवले. छान झाले. जेवण झाल्यावर वरच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या.

माझं गाव पलीकडच्या बेटावर आहे. बाविसाव्या वर्षी एक पेटी घेऊन इथे उतरलो. हे घर सेवस्तीला तिच्या बापाने लग्नात दिलेलं.