पार्वतीमावशीचं बोट

कनेरगाव नाका
सोमवार

प्रिय निलम,

पाकीट बघून तू आधी हसशील. कालच रविवारी अर्धा तास फोनवर बोललो आणि आज या बयेला कागद काळे करायचं काय सुचलं, म्हणशील. काय करू, फोनवर हे बोलता येत नाही. गेले आठ महिने दर रविवारी मी ठरवते की आज सांगायचंच, आणि तिकडून तू 'साधना, जेवलीस का गं' म्हणतेस, की माझं ठरवलेलं तिथंच राहतं. मग मी भाजीचं बोलते, पाहुण्यांचं बोलते, नको तितकं हसते. तुला वाटत असेल, पोरगी मजेत आहे.

आधी बातमी सांगते. पार्वतीमावशी शुक्रवारी तुझ्याकडे येतेय. होय, तीच, जिचं नावसुद्धा तू फोनवर काढत नाहीस. नाक्यावरून हिंगोली, हिंगोलीहून नांदेडची एसटी, आणि वारंगा फाट्याला उतरून तुझ्या नवऱ्याचं, कुलदीपभाऊंचं, टायरचं दुकान विचारत यायचं, असा सगळा बेत तिनं आठ दिवसांपासून पाठ करून ठेवलाय. गुडघे तर धड नाहीत. तुझी माफी मागायला येतेय. मला म्हणाली, 'साधना, तू चल संगं, मला पाट्या वाचता येत न्हाईत.' म्हणजे तिला हाताला धरून तुझ्या दारात आणणारी मीच. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून उद्याच हिंगोलीला जाऊन रजिस्टर करणार आहे. आणि हे बघ, अर्धं वाचून ठेवून देऊ नकोस. तुझी खोड मला माहीत आहे, पिक्चरसुद्धा इंटरव्हलला सोडून उठतेस.

आपली ओळख कशी झाली, आठवतं ना? हिंगोलीचा शिवणक्लास, नऊची गाडी, आणि तू तांड्यावरून पळत यायचीस नि मी कंडक्टरशी भांडून गाडी थांबवून ठेवायची. चार महिने एका बाकावर बसलो आणि एका डब्यात जेवलो. तुझ्या सासूबाईंनी, रुख्मिणीबाईंनी, लेकरासाठी सगळे देव करून झाले होते. मी सहज म्हटलं, आमच्या प्रार्थनाघरात शनिवारी बाया जमतात, येऊन बस. तू घाबरत विचारलंस, आणि त्या माउलीनं एका शब्दात सांगितलं, 'जा की, देव काय कोणाच्या एकट्याचा हाय का?' तशी तू आलीस. पत्र्याच्या त्या खोलीत सतरंजीच्या कोपऱ्याला अंग चोरून बसलीस, तो दिवस मला लख्ख आठवतो.

तेव्हाच तो टॅब नवा आला होता. आमच्या दहा-बारा बायांत वाचता येणाऱ्या तिघी, त्यातही एकीला चष्मा नाही, म्हणून पास्टरबाईंनी, शिलाताईंनी, तो कुठून तरी मिळवला. त्यात बायबलचं ते अॅप. अध्याय मोठ्यानं वाचून दाखवायचं, रोजचा छोटा धडा द्यायचं, धड्याखाली दोन प्रश्न, आणि त्याखाली प्रार्थना लिहायची जागा. टॅब ठेवायचा मावशीच्या घरी, कारण प्रार्थनाघराची किल्ली तिच्याकडे. म्हणून अॅपमध्ये नावही तिचंच टाकलं. ज्या बाईला सही येत नाही, तिच्या नावानं रोज आमचे सगळ्यांचे धडे जायचे! बाया सांगायच्या, मी टाईप करायची. कोणाचा गुडघा, कोणाची जाऊ, कोणाच्या म्हशीचं दूध आटलं. सगळ्यांची गाऱ्हाणी देवापर्यंत माझ्या अंगठ्यावाटे जायची, आणि खरं सांगते, मला त्याचा तोरा होता.

मावशीचा त्या टॅबवर किती जीव! तिचं बोट त्याला लागायचंच नाही. सारा जन्म निंदणी-खुरपणी आणि हळद शिजवण्यात गेलेला, बोटाची कातडी अशी झालेली की रेशन दुकानात मशीन अंगठा घेत नाही आणि इकडं टॅब बोट घेत नाही. मग ती बोट मुडपून पेरानं टकटक करायची, दार वाजवल्यासारखी. 'उघड रे बाबा, मी हाव पार्वती.' आपण किती हसायचो. धडा एक दिवस चुकला की अॅपमधली दिवसांची साखळी तुटते, म्हणून ती तापात फणफणतानाही मला बोलवायची. आणि तू तिला तुमच्या बोलीत 'याडी' म्हणायला लागलीस. तिला मूल ना बाळ, तिला कोणी आई म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. टॅबला आरशांचं भरतकाम करून पिशवी शिवून दिलीस, तर ती आठ दिवस गावभर दाखवत फिरली.

मग मला खोकला झाला. आठवतं? शिलाताई म्हणाल्या, आज निलमला वाचू द्या. तू वाचलंस. काय वाचलंस गं तू! मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, लहानपणापासून तीच वचनं ऐकत आलेली, पण मी वाचायची ती हजेरी घेतल्यासारखी. तू वाचलंस आणि बाया डोळे पुसायला लागल्या. मावशी म्हणाली, 'निलमनं वाचलं का वाटतं, देव आपल्याशीच बोलून राहिला.' माझा खोकला आठ दिवसांत गेला, पण वाचन काही माझ्याकडे परत आलं नाही. कोणी मुद्दाम केलं नाही, तू तर नाहीच नाही. पण घरची उभी आणि पाहुणी पाटावर, असं मला वाटत राहिलं. हे तुला मी कधी कळू दिलं नाही. उलट तुझं कौतुक सगळ्यांत मोठ्यानं मीच करायची.

आणि त्याच महिन्यात हिंगोलीच्या स्टँडवर रसवंतीत बसून तू मला ते सांगितलंस. नांदेडच्या डॉक्टरांचा कागद. दोष तुझ्यात नाही, कुलदीपभाऊंच्यात आहे. सहा वर्षं तू बायाबायांचं ऐकून घेतलंस, ओटीच्या कार्यक्रमात मागे उभी राहिलीस, आणि कागद ब्लाउजपिसांखाली पेटीत ठेवून दिलास. मी चिडले, म्हटलं काहून सोसतेस, टाक सांगून. तू म्हणालीस, 'मला बोलतात तर मी ऐकून घेते. त्यायला बोलले तर ते जगायचे न्हाईत.' मग माझा हात धरून म्हणालीस, तुझ्या पुस्तकाची शपथ घे. मी ऐटीत म्हटलं, आमच्यात शपथ घेत नाहीत, आमचं हो म्हणजे हो. कसली गं मी! कोणत्या तोंडानं बोलले मी ते?

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे जेवढं मी सांगितलं तेवढं माहीत आहे. मार्चमधल्या त्या शनिवारी अॅपच्या गटात प्रार्थना गेली. 'प्रभू, कुलदीपभाऊंना बरं कर, नांदेडच्या तपासणीत दोष त्यांच्यात निघालाय, निलमला धीर दे.' तीन गावांतल्या बावीस बायांच्या फोनवर टुण्ण वाजलं. दिवस मावळायच्या आत तांड्यावर, आणि दुसऱ्या सकाळी नाक्यावरच्या ढाब्यावर. तिथं कुलदीपभाऊ पिकअप उभी करून चहा घ्यायला गेले आणि चार टवाळांनी काय काय विचारलं, ते मी कागदावर लिहीत नाही. त्या दिवसापासून ते गावात दिसले नाहीत. रुख्मिणीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. धर्मसिंगमामा, तुझे सासरे, अजूनही स्टँडवर दिसले की मला विचारतात, 'निलमच्या फोनात आमचं पोरगं हसताना आयकू येतं का गं?' मी हो म्हणते.

सोमवारी तू प्रार्थनाघरात आलीस, तेव्हा सगळ्यांसमोर मी सांगितलं की प्रार्थना मी लिहिली होती, पण फक्त माझ्यापुरती ठेवली होती. टॅब मावशीच्या घरी होता, अध्याय लावताना तिचं बोट लागलं असेल आणि ती गटाला गेली असेल. मावशी माझ्याकडे बघत राहिली. ती मुळातच त्या यंत्राला भिऊन असायची. म्हणाली, 'लागलं आसंल बाई. माझंच लागलं आसंल.' तू तिला म्हणालीस, 'याडी, तू मला गावात उघडं केलंस.' आणि माझा हात हातात घेतलास. म्हणालीस, तुझी काय चूक, तू तर माझ्यासाठी देवाकडे मागितलंस. तुझा हात थंडगार होता, निलम. मी तो सोडवून घ्यायला पाहिजे होता. नाही घेतला.

त्यानंतर तुम्ही वारंग्याला गेलात, आणि मावशीनं टॅब तुझ्या त्या आरशांच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. एकशे त्रेचाळीस दिवसांची साखळी तुटली. शिलाताईंनी किती समजावलं, ती हातच लावत नाही. बाकीच्या बाया फोनवर ऐकतात, तिच्याकडे तर साधा फोनही नाही. आणि दुसरी गोष्ट तुला ठाऊक नसेल. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. नियम असा की कोणाचं मन आपल्यामुळे दुखलं असेल तर आधी जाऊन समेट करायचा, मग भाकरीला हात लावायचा. पुष्कळजण हा नियम ऐकून सोडून देतात. मावशी सोडत नाही. आठ वेळा ताट तिच्यापुढं आलं आणि आठही वेळा तिनं ते पुढं सरकवलं. तिच्या शेजारी मी बसते. तिनं सरकवलेलं ताट माझ्याच हातात येतं. आणि मी घेते. आठही वेळा घेतलं. नाही घेतलं तर लोक कारण विचारतील, या भीतीनं घेतलं.

आता नाताळ तोंडावर आला. मावशी म्हणते, 'पुढचा नाताळ मी पाहीन का न्हाई, यंदा तरी भाकर घिऊ दे.' म्हणून ही यात्रा. घरची हळद कुटून तिनं तुझ्यासाठी बरणी भरलीय, नवं लुगडं काढून ठेवलंय. काल मला विचारत होती, 'लेकरानं दारातच उभं केलं तर पाया पडले तर चालंल ना?' सत्तरीची बाई, तुझ्यासारख्या पोरीच्या पाया! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं झालं. आणि इथं तर संन्यासी आपल्या पायांनी सुळाकडं चाललाय आणि चोर त्याला वाट दाखवतोय. मी तिला सांगायला गेल्या मंगळवारी गेले, गुरुवारी गेले. ती चहा ठेवायची, माझ्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि मी चहा पिऊन परत यायची.

तर ऐक. त्या शनिवारी दुपारी मावशी घरी नव्हतीच. ती रामप्रसादच्या शेतात हळदीच्या कढईपाशी होती, दिवसभर. स्वतःच्या बाजूची ही साधी गोष्ट तिला आठवलीसुद्धा नाही, आणि जिचं बोट टॅब घेतच नाही तिचं बोट लागलं कसं, हे आपल्यातल्या एकीनंही विचारलं नाही. तिच्या ओसरीत मी एकटी होते. आदल्या दिवशी शिलाताईंनी नाताळापर्यंतचं वाचन तुझ्या नावावर लावलं होतं. मी प्रार्थना लिहिली. खाली दोन शब्द येतात: 'फक्त मी' आणि 'गट'. मी दोन्ही वाचले. बराच वेळ अंगठा वर धरून बसले. आणि मग मी 'गट' दाबलं. चुकून नाही, निलम. बघून, समजून दाबलं. माझ्याच पिशवीत माझा फोन वाजला. ती प्रार्थना काढून टाकता येत होती, मला येत होतं ते, इतरांच्या चुकून गेलेल्या मीच काढायची. खाली आकडा दिसायचा, कितीजणींनी बघितलं. चार झाले, सात झाले, अकरा झाले. मी टॅब पिशवीत घातला, घरी आले आणि भाकरी थापायला बसले. तुझं गाव मी सोडायला लावलं. कुलदीपभाऊंना मान खाली घालायला मी लावली. आणि मावशीची भाकरही मीच हिसकून घेतली. मला लाज वाटते, एवढंच म्हणणं फार कमी आहे, पण दुसरं काय म्हणू? हे पत्र रजिस्टर झालं की मला माघार नाही, म्हणूनच आधी तुला लिहिलं. मावशीला मी शुक्रवारी गाडीत सांगणार आहे, आणि ते ऐकून ती माझ्यासोबत पुढं आली नाही, तर तिला हिंगोलीहून परत घरी सोडून मी एकटी येईन. आली, तर तुझ्यापाशी एकच मागणं आहे. मला दारात उभी कर, आत घेऊ नकोस, हात तर धरूच नकोस. पण तिला सांगूनही ती तिच्या सवयीनं तुझ्यापुढं वाकेल, तेव्हा खांद्याला धरून तिला उभीच ठेव आणि एकदा 'याडी' म्हण. वाकायचं मला आहे.

तुझीच, असं लिहायचा हक्क शुक्रवारनंतरही उरला तर,
साधना