चिक्कडपल्लीच्या भरलेल्या बादल्या

चिक्कडपल्ली, हैदराबाद
वैशाख संपत आला, उकाडा संपलेला नाही

ती. सौ. वासंतीताईस,

धाकट्या त्रिवेणीचा साष्टांग नमस्कार. मी इकडे बरी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजी गोड खाणं सोडल्याचं सांगतात ते खरं, की अजून देवघरातल्या साखरेच्या डब्याकडे त्यांची ये-जा सुरू आहे? फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू स्पीकर लावतेस, आणि मी दोन वाक्यं बोलले की मलकपेठच्या वॉर्डन सुशीलाबाईंचं कौतुक सुरू करतेस. पत्रात मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

परवाही तेच केलंस. ‘मलकपेठचं हॉस्टेल रिकामं होत आलं आणि कचरा निघाला एवढासा, हर्षदा सांगत होती.’ निघाला असेल. पण ताई, मीही आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या हॉस्टेलची वॉर्डन आहे, आणि तुझी हर्षदा माझी सख्खी भाची आहे. तीन वर्षं ती राहिली मात्र सुशीलाबाईंकडे. (कॉलेज जवळ पडतं म्हणून. चिक्कडपल्ली ते मलकपेठ म्हणजे काही काशीयात्रा नव्हे.) मला ती मावशी म्हणते आणि त्या बाईंना अम्मा. मला मत्सर वाटतो. लपवून काय करू, पोटात दुखतं ते दुखतंच.

आता माझी बाजू ऐक. दरवर्षी परीक्षा संपल्या की मुली पाखरांसारख्या उडून जातात आणि मागे बादल्या, मग, गाद्या, डबे, आरसे, हँगर, अर्ध्या वापरलेल्या शॅम्पूच्या बाटल्या यांचा डोंगर राहतो. ‘अगं, ही बादली तरी ने,’ म्हटलं की आंध्राकडच्या मुली ‘वद्दु मॅडम, वद्दु’ (म्हणजे नको) म्हणत ऑटोत बसतात, आणि आपल्या लातूर-नांदेडच्याही आता वद्दुच म्हणतात. यंदा संस्थेचे सेक्रेटरी भगवंतराव यांनी जाहीर केलं की ज्या हॉस्टेलचा कचरा कमी, त्या वॉर्डनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मला शालीची हौस नाही. (हैदराबादच्या मे महिन्यात शालीची हौस कुणाला असेल?) मला एवढंच हवं होतं की ती शाल हर्षदाच्या देखत माझ्या खांद्यावर पडावी.

सुशीलाबाईंनी काय केलं, तर म्हणे संक्रांतीपासूनच मुलींना नव्या वस्तू आणू दिल्या नाहीत, आणि जाणाऱ्या मुलीची बादली राहणाऱ्या मुलीच्या नावाची चिठ्ठी बांधून आधीच देऊन टाकली. यात काय मोठी अक्कल? मलाही सुचलं असतं. सुचलं नाही, एवढंच.

मला सुचलं ते चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आपल्या मराठी मंडळाच्या बायका दरवर्षी लुटायला प्लॅस्टिकच्या डब्या विकत आणतात. म्हटलं, यंदा विकतचं काही नको, हॉस्टेलातल्याच चांगल्या वस्तू घासूनपुसून लुटू. अक्षय तृतीयेला अंगणात गौर मांडली, कैरीची डाळ केली, पन्हं केलं, आणि भिंतीशी बादल्या, डबे, मग असे रांगेने लावले की बोहारणीलाही हेवा वाटावा. बायका खूश! संध्याकाळपर्यंत अंगण लख्ख. मी फोटो काढून भगवंतरावांना पाठवला आणि (देव मला क्षमा करो) हर्षदालाही पाठवला, अम्मांना दाखव म्हणून.

पण माझा हात आखडता, तुला ठाऊकच आहे. निरोप देताना मी प्रत्येकीला म्हणाले होते, ‘नको झालं तर टाकू नका हो, परत आणून द्या, जूनमध्ये नव्या मुली येतील.’ इथे मी फसले.

पंधरवड्याने पहिल्या आल्या इंदुताई. माझ्याकडून नेलेला स्टीलचा डबा परत आणला, आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत देतं का कुणी? डब्यात कुरडया होत्या. मी आनंदाने तळून खाल्ल्या. मग कुणी सांडगे आणले, कुणी लिंबाचं लोणचं. तोवर ठीक होतं. नंतर बादल्या परत येऊ लागल्या. आता बादली काय घालून भरायची? बायकांनी घरोघरी विचार केला आणि माळे उघडले. जुने पडदे आले, मुलांची दहावीची पुस्तकं आली, झाकण हरवलेला कुकर आला, एकीच्या यजमानांच्या सफारी सुटांनी तर अख्खा टब भरला. ‘गरीब मुलींच्या उपयोगी पडेल’ असं जी ती म्हणायची आणि डोळ्यांत पाणी आणून निघून जायची. नाही कसं म्हणणार? ओटी भरायला आलेल्या बाईला कुणी दारातून परत धाडतं का?

शेवटी रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने फाटकातूनच अंगण पाहिलं आणि म्हणाला, ‘अम्मा, आधा भी नक्को,’ आणि सायकल वळवली. त्याच्या पाठोपाठ भगवंतराव पाहणीला हजर. मुलींनी टाकलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त सामान अंगणात उभं होतं. त्यांनी कुकर उचलला, झाकण शोधलं, आणि म्हणाले, ‘त्रिवेणीबाई, कमी करायचं ठरलं होतं ना?’ मी त्यांना पन्हं दिलं. दुसरं काय देणार?

शाल सुशीलाबाईंना मिळाली. टाळ्या मीही वाजवल्या, पण हातावर हात आपटणार नाही अशा बेताने.

भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
त्रिवेणी

ता. क. पत्र लिहिलं ते खरं म्हणजे पुढच्या ओळीसाठी. हर्षदाला इथेच एम.एस्सी. करायचं आहे ना? ही दोन वर्षं तिला माझ्याकडे राहू दे. खोली हवेशीर आहे. एवढा मोठा पसारा मांडून मी एकटी जेवते, ताई. सुशीलाबाईंकडे पन्नास मुली आहेत, त्यांना एकीची काय कमी?

ता. क. २ पाकीट चिकटवणार तोच हर्षदाचा फोन आला. माझ्याकडे यायचं तिनं आपणहून ठरवलंय! कारण विचारलं तर म्हणे, ‘मावशी, अम्मा एक हँगरपण सोडू देत नाहीत गं. तुझ्याकडे कसं, सगळं टाकून बिनधास्त जाता येतं.’ तिची तीन पोती ऑटोत भरून निघालीसुद्धा. सुशीलाबाईंनी ती स्वतः ऑटोत चढवली आणि मग खोलीत मागे काही राहिलं नाही ना ते बघत बसल्या. फार वेळ बसल्या, म्हणे. वाईट वाटलं गं मला, त्या बाईंसाठी! शाल मिळाली खरी, पण मी असते ना, तर पोरीने पुन्हा यावं म्हणून एखादं तरी पोतं ठेवून घेतलं असतं.