काल भेट दिली असता

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आता पोट आड येतं, तेव्हा उभ्यानेच नमस्कार. एकाच गावात राहून पत्र लिहितो म्हणून हसू नकोस. तुझ्या टेबलाशी फोन आला की चार जण कान टवकारतात, माझ्याकडे सहा. तुमच्या पेपरात सगळ्यांना मी हल्ली पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासतो एवढंच ठाऊक आहे आणि ते तसंच राहिलेलं बरं. पक्षाच्या कचेरीत असतो हे तुझ्याशिवाय तिथे कुणाला माहीत नाही.

तर बातमी अशी की काल सकाळी अकराला आमची वेबसाइट सुरू झाली. नाव 'खरं काय'. अध्यक्षांनी बटण दाबलं, पडद्यावर काहीच आलं नाही, सगळ्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मग वेबसाइट बांधणाऱ्या बाई खाली वाकल्या, वायर नीट खोचली आणि पुन्हा टाळ्या झाल्या. ह्या बाई मोजकं बोलतात. मी त्यांना बटणबाई म्हणतो, अर्थात मनात.

साइटवर डावीकडे पेपरातलं कात्रण आणि उजवीकडे आमचं उत्तर, अशी रचना आहे. बातमी खोटी असेल तर कात्रणावर तिरका लाल शिक्का पडतो, 'निराधार'. शिक्क्याची कल्पना माझी. तू नाक मुरडशील हे माहीत आहे. "ही साइट नाही, लांबलचक पत्रक आहे," असं तू मागे म्हणालीसच. पण ताई, काल आम्ही पहिली चूक पकडली ती खरोखरच चूक होती. एका पेपरानं आपल्या रस्त्यात पाणी तुंबल्याचा जो फोटो छापला, तो सहा वर्षांपूर्वीचा होता. त्यातलं वाण्याचं दुकान कधीच बंद झालंय! रोज असं काहीबाही छापून येतं आणि नगरपालिका आमच्या ताब्यात असल्यामुळे सगळं आमच्या माथी बसतं. कुणीतरी उत्तर द्यायला नको का?

आमच्या प्रवक्त्यांचं नाव मी स्वल्पविराम ठेवलंय. ते एकही वाक्य संपवत नाहीत. "आपल्याला असं करायचंय की, म्हणजे लोकांना, काय आहे..." असं म्हणून माझ्याकडे बघतात आणि उरलेलं वाक्य मी लिहितो. तुमच्या पेपरातला माझा विभाग बंद झाला तेव्हा मला दारात उभं करायला कुणी तयार नव्हतं. इथे निदान माझं वाक्य पूर्ण छापलं जातं.

आता कामाचं. तुझ्या भावजयीचं पित्ताशयाचं ऑपरेशन येत्या तेरा तारखेला, गुरुवारी ठरलंय. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. ती म्हणते, किरकोळ असेल तर तुमचं काढा. मी असणारच आहे, पण तू आलीस तर तिला धीर येईल. तिनं स्वतः सांगितलंय, "ताईंना विचारा, नुसतं कळवू नका." म्हणून विचारतो. येशील ना?

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी भावजय काल घरी आली. टाके कोरडे आहेत, जेवण हलकं, आवाज पूर्वीसारखा. त्या दिवशी तू सकाळपासून होतीस म्हणून सगळं निभावलं, हे ती दर तासाला सांगते. रजा टाकून आलीस, त्याबद्दल काय बोलणार?

कचेरीत कामाचा रगाडा आहे. शनिवारी साइटवर जे आलं ते तू पाहिलं असशील. मनाला लावून घेऊ नकोस. दोन्ही बाजूंनी आपापलं काम चालतं, त्यात घरचं काही नसतं. ते शेवटचं वाक्य प्रवक्त्यांचं आहे.

थंडी कमी झाली. तुझी छत्री आमच्याकडे राहिली आहे, सवडीने ने.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. त्यात एक वाक्य खोटं होतं आणि ते तुला पहिल्याच वाचनात दिसलं असणार. प्रवक्त्यांचं वाक्य इतकं पूर्ण कधीच नसतं.

आता सरळ सांगतो. त्या शनिवारी सकाळी ते तुझ्या बातमीचं कात्रण घेऊन माझ्या टेबलाशी आले. 'नगरपालिकेच्या निराधार महिला निवासाची लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा जणी चार महिने खाली उतरलेल्या नाहीत.' खाली त्या अकरा जणींचा फोटो. "ह्याला काहीतरी, म्हणजे आजच, आपल्याला..." एवढं बोलून ते गेले. फाइलमध्ये लिफ्ट दुरुस्त झाल्याचा दाखला होता आणि तळमजल्यावरच्या लिफ्टच्या बटणाचा फोटो होता, दिवा लागलेला. तेवढ्यावर उत्तर झालं असतं. मी तेवढ्यावर थांबलो नाही.

तुझी बातमी मी तीनदा वाचली, भोक सापडतंय का ते बघत. दुसऱ्याच ओळीत सापडलं. 'आमच्या प्रतिनिधीने काल भेट दिली असता...' तो 'काल' तुझा नाही हे मला दिसताक्षणी कळलं. बातमीदार सोमवारी जावो की बुधवारी, बातमी ताजी दिसावी म्हणून डेस्कवर 'काल' घालतात. मी स्वतः शेकडो वेळा घातलाय. आणि बातमी शुक्रवारी छापून आली होती, म्हणजे काल म्हणजे गुरुवार. गुरुवारी तू कुठे होतीस हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी लिहिलं, 'प्रत्यक्षात सदर प्रतिनिधी त्या दिवशी तिथे फिरकलेल्याही नाहीत, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.'

मला आनंद झाला, ताई. लिहिताना लाज वाटते, पण झाला. अडलेलं शब्दकोडं सुटल्यावर होतो तसा. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती. आपण दोघं एकाच पेपरात लागलो, तू राहिलीस आणि मी निघालो. त्यात तुझा काही दोष नव्हता, पण ते मला सलत होतं. त्या दोन मिनिटांत तू माझी बहीण नव्हतीस, तो पेपर होतीस.

घरी तुझ्या भावजयीनं साइट वाचली. पोटावर उशी धरून ती हळूहळू उठली आणि म्हणाली, "ताई त्या दिवशी कुठे होत्या ते मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे. तिसरं कोण?" मी म्हणालो, "अगं, ते कामाचा भाग..." माझंही वाक्य संपलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी जेवण आणि औषधं ह्यापलीकडे बोलत नाही.

तरीही मी गप्प राहिलो. साइटवर त्या आठवड्यात कधी नव्हे एवढी गर्दी झाली. अध्यक्षांनी पाठ थोपटली.

ह्या सोमवारी स्टेशनरीच्या दुकानात आपले डेस्कवाले काका भेटले. पेन्सिली घेत होते, अजून तीच लाल. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना काय कल्पना!

"तुझ्या बहिणीचं ऐकलंस का?" म्हणाले. "फिरती बंद केलीय तिची. डेस्कवर बसवलंय, पत्रव्यवहार लावायला."

"का?" मी विचारलं. मी विचारलं, ताई.

"अरे, तो 'काल' माझा! तिच्या कॉपीत 'गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा भेट दिली असता' असं होतं. बुधवारी बातमी देऊन ती रजेवर गेली. मला जागा कमी पडत होती, मी कापलं आणि 'काल' घातला. सवयीनं. संपादकांना सांगितलं मी तसं."

"मग प्रश्न मिटला की."

"मिटतोय कसला! ते म्हणतात, ती रजेवर होती हे पक्षाला कळलं कसं? ऑफिसात फक्त मला माहीत. म्हणजे एक तर मी फुटलो, नाहीतर तिचंच तिकडे काही साटंलोटं आहे. तिला विचारलं, त्या दिवशी कुठे होतीस? तर म्हणते, बातमी खरी आहे, बाकी मला काही सांगायचं नाही. शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर घरी बस म्हणणार." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू भाऊ आहेस. तुझं ऐकेल ती. जरा विचार ना तिला, कुणाला वाचवते आहेस बाई?"

मी बरं म्हणालो. दुकानदारानं काय हवंय म्हणून दोनदा विचारलं, मला आठवेना.

मंगळवारी मी त्या निवासात गेलो. तळमजल्यावर लिफ्टचं बटण दाबलं, दिवा लागला. छान हिरवा, फोटोतल्यासारखा. लिफ्ट आली नाही. जिना चढून गेलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं आणि आत सहा गाद्या रचून ठेवलेल्या. शेजारी खुर्चीत एक आजी बसून जिन्याकडे बघत होत्या.

"दिवा लागतो हो," त्या म्हणाल्या. "दिव्याची काही तक्रार नाही." मग मला निरखून म्हणाल्या, "ती चष्मेवाली नाही आली? चारदा येऊन गेली. प्रत्येक वेळी जिन्याच्या पायऱ्या मोजायची. एकदा मला हाताला धरून अर्ध्यापर्यंत उतरवलं. पुढे जमेना, म्हणून परत वर आणलं. आणि मग इथेच बसून रडली. मीच पाणी दिलं तिला."

हे तुझ्या बातमीत नव्हतं.

जाताना आजी म्हणाल्या, "आमच्या फोटोवर कुणी लाल अक्षरात निराधार म्हणून लिहिलंय म्हणे. नवीन काय त्यात, आम्ही आहोतच." त्या स्वतःच खुदकन हसल्या. मला हसता आलं नाही. तो शिक्का त्या मथळ्यावर आणि त्या चेहऱ्यांवर पडल्यावर कसा दिसतो, हे मी शनिवारीच पाहिलं होतं. शब्द तपासण्यात माझी हयात गेली. पाहिलं आणि तसंच सोडलं.

काल सकाळी बटणबाईंना म्हणालो, दुरुस्ती टाकायची आहे. त्या म्हणाल्या, "साइटला दुरुस्तीचं पान नाही. तुम्ही सांगितलेल्या यादीत नव्हतं." खरंच नव्हतं. यादी माझ्या अक्षरात होती. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटांत पान बनवलं. मी लिहिलं की लिफ्ट बंद आहे, मी पाहिली, बातमी खरी आहे, प्रतिनिधीने चार वेळा भेट दिली होती, आणि आमचा मजकूर चुकीचा होता. खाली माझं नाव घातलं. त्या साइटवर आलेलं ते पहिलं नाव. साडेनऊला चढलं आणि दहा वाजून दहा मिनिटांनी उतरवलं गेलं. पण तेवढ्यात, डेस्कवर रोज आमची साइट बघणाऱ्या काकांनी त्याची छापील प्रत काढून घेतली होती.

स्वल्पविराम माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." एवढं नेटकं वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती दहा दिवसांत पहिल्यांदा हसली, मग पोट धरून ओरडली, टाके ओढले म्हणून.

आज दुपारी तुझ्या संपादकांना भेटून आलो. तू पत्रव्यवहाराच्या खोलीत होतीस, दाराच्या काचेतून तुझी पाठ दिसली. आत यायची हिंमत झाली नाही. त्यांना मी लेखी दिलंय की मी कुठे काम करत होतो, ते वाक्य कुणी लिहिलं आणि तू त्या दिवशी कुठे होतीस. पुरावा म्हणून हॉस्पिटलच्या कागदाची प्रत जोडलीय. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे तिला सांगता येत नव्हतं?" मी म्हणालो, "येत होतं." सोमवारपासून तुला पुन्हा फिरतीवर पाठवतो, असं ते म्हणालेत. तुला उद्या सांगतील. मी आधी सांगितलं असं दाखवू नकोस.

तो कागद मला तुझ्या भावजयीनं काढून दिला. ऑपरेशनच्या संमतीचा. मी आजवर तो पाहिलाच नव्हता, कारण त्या दिवशी मी कचेरीत होतो. 'तासाभरात येतो' म्हणून तुला फोन केला आणि ती शुद्धीवर आल्यावर पोचलो. अध्यक्षांचं भाषण साइटवर चढवायचं होतं. मागच्या पत्रात मी तुझे आभार मानले, पण मी नव्हतो हे लिहिलं नाही.

कागदावर सही तुझी आहे, वेळ अकरा वीस. नातं, नणंद. त्याच्या वरच्या ओळीत छापील प्रश्न आहे, 'पती उपस्थित आहेत का?' तिथे तुझ्या त्या ठसठशीत बातमीदारी अक्षरात लिहिलंय, 'वाटेत आहेत.'

मी वाटेत नव्हतो, ताई. तुला ते माहीत होतं. तू कागदावर लिहिलेली एवढीच एक खोटी गोष्ट मला सापडली.

रविवारी तुझ्याकडे येतो. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. फोन करून नाही, चालत येतो.

वाटेत असलेला,
तुझा भाऊ