पाच वाजताच्या घारी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नाही गाळणार! घारींच्या वेळांचा चौथा तक्ता प्रबंधात राहील म्हणजे राहील.

सर म्हणतात, "मयुरा, तुझी मोजणी चुकली." एक्केचाळीस दिवस! कळमेश्वरकडच्या मालविमानांच्या धावपट्टीशी उभी राहून घारी मोजल्या मी. विमानांना त्यांचा सगळ्यात जास्त धोका सकाळी साडेदहाच्या सुमारास. ऊन तापलं की त्या वर चढतात — साधी गोष्ट. पण जितेंद्र सरांच्या सात वर्षांपूर्वीच्या पेपरात लिहिलंय पहाटे पाच. आणि गाईडचा पेपर म्हणजे ब्रह्मवाक्य! धावपट्टीवाल्यांनी त्याच्यावर विसंबून पाखरं हुसकायला माणूस ठेवला, तोही पहाटे चार ते सात.

तो माणूस म्हणजे लहानूजी. आज म्हणाले, "म्याडम, पाचले घारी झाडावर झोपून राह्यतात. मी अंधाराले फटाके दाखवून राह्यलो." सात वर्षं! हसावं की डोकं आपटून घ्यावं?

गुरुवार, ९ जानेवारी

सापडलं!! पाच आणि साडेदहा — फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. सरांचा पेपर धावपट्टीच्या टॉवरमधल्या नोंदवहीवरून, आणि त्या वहीत वेळ जागतिक घड्याळाने लिहितात. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. खूण म्हणून आकड्यापुढे 'झेड' असतो. सरांच्या पेपरात झेड नाही. त्यांनी ती आपलीच वेळ धरली! एव्हिएशनचे प्राध्यापक! पहिल्या सत्रातल्या पोरांना मी हे शिकवते.

त्या नोंदी उतरवायला मीही होते, बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला. चौघांनी मिळून कच्च्या कागदांवर उतरवल्या, फेअर कॉपी माझी — अक्षर चांगलं म्हणून. कुठे खाडाखोड नाही, रकाने कसे लख्ख. सरांनी वर्गात उंच धरून दाखवली होती. इतकं आयतं हातात दिलं आणि यांनी त्याची माती केली.

शुक्रवार, १० जानेवारी

सरांना तोंडावर सांगितलं. चिडले नाहीत. चष्मा पुसत बसले. "मूळ कागद बघतो," एवढंच.

शुक्रवार, १७ जानेवारी

"मूळ कागद सापडत नाहीत. तू तो तक्ता गाळ, मी सही करतो. तुझ्या भल्याचं सांगतोय."

माझ्या भल्याचं! सही नाही तर तीस तारखेचं सादरीकरण नाही, आणि सादरीकरण नाही तर पीएच.डी.ची पाच वर्षं पाण्यात. हे त्यांना पक्कं माहीत आहे.

बाहेर आले तर विभागातले शिपाई नत्थूजी भेटले. सहज विचारलं. "कागद कुठं हरवले? सरानंच तं परवा कपाटातून गठ्ठा काढला. मीच धूळ झटकून देल्ली."

खोटारडे! सात वर्षं ज्यांना मानलं ते हेच का?

रविवार, १९ जानेवारी

कामठीला घरी. आई पोळ्या लाटता लाटता — "काहून भांडून राह्यली वं? सही तं त्याहीचीच लागते ना?"

लागते. म्हणून मान खाली घालू? हीच बाई नळाला पाणी नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात रिकामी घागर आपटून आली होती. मी कुणाची पोर?

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी दहा चाळीसला घार विमानाच्या पंख्यावर आदळली. माझ्या डोळ्यांसमोर! वैमानिकाने कसंबसं खाली आणलं. लहानूजी ड्यूटी संपवून केव्हाच घरी गेले होते.

तिथून थेट खोलीवर आले. विद्यापीठाच्या संशोधन समितीला अर्ज लिहिला. चूक प्रा. जितेंद्र यांची, ते मूळ कागद दडवतात, पेपर मागे घ्यावा. नाव घालून लिहिलं. घाबरतं कोण!

सोमवार, २७ जानेवारी

अर्ज दिला. पोच घेतली, शिक्क्यासकट.

विभागात सगळे मला टाळतात. टाळू देत!

मंगळवार, २८ जानेवारी

सरांनी बोलावलं. गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "म्हणून देत नव्हतो," म्हणाले आणि स्वतःच खोलीबाहेर गेले.

चौघांच्या कच्च्या कागदांवर प्रत्येक वेळेपुढे झेड आहे. माझ्या फेअर कॉपीत एकही नाही. आता आठवतंय — रकान्यात गिचमिड दिसत होती, म्हणून मीच गाळले.

खूप रडले. मग समितीकडे जाऊन अर्ज परत मागितला. "मागे घेताय?" बाबूने विचारलं. नाही म्हटलं. त्यातली कागद दडवल्याची ओळ खोडली, सरांचं नाव खोडलं, तिथे माझं लिहिलं आणि पुन्हा शिक्का मारून घेतला.