साच्याला लावलेलं तेल

३ जानेवारी १९८८, कोपर

आलो बाई एकदाचे! दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत छान ऊन. जनी चार वर्षांची, पण घर मिळाल्याचा तोरा तिलाच जास्त. यांना इथून आंबिवलीच्या कारखान्यात जायला बरं पडेल. मालकीण आवडाबाई इथल्याच जुन्या आगरी घरातल्या. तोंडाच्या फटकळ, पण आल्या आल्या भाकरी आणि सुकट आणून दिली.

पडवीत त्यांच्या मयत नवऱ्याचे, दामाजींचे, तुळशी वृंदावनाचे साचे पडलेत. सागवानी, आतून वेलबुट्टी कोरलेली. माझे आबा गवंडी, माझे हात शिवशिवणार नाहीत होय? खुशाल वापर म्हणाल्या. अट एकच, सिमेंट चिकटू नये म्हणून साच्याला गॅरेजातलं जळकं ऑइलच लावायचं. माणसाला लागतं ते तेल साच्याला दाखवायचं नाही, असं दामाजी म्हणायचे म्हणे. मी मान डोलावली.

५ जानेवारी

सिमेंट कालवून तयार आणि ऑइल संपलेलं! कालवलेला माल थांबतो का कुणासाठी? जनीच्या डोक्याला खोबरेल चोळत होते, तीच वाटी उचलली आणि त्याच हाताने साचा आतून पुसला. एवढ्याशाने काय होतंय. माल भरला, थापीने ठोकून बसवला.

६ जानेवारी

साचा खोलला. काय देखणं उतरलंय! फक्त वेलीच्या जागी बारीक बारीक रेघा, विंचरलेल्या केसांसारख्या, मधोमध भांग. लाकडाचे रेशे उठले असतील. आता सात दिवस पाणी मारायचं, म्हणजे सिमेंट घट्ट होतं.

जनी पाय दुखतात म्हणते.

८ जानेवारी

जनीचे पाय गुडघ्यापर्यंत थंडगार. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, टॉनिक लिहून दिलं. वृंदावन मात्र हाताला कोमट लागतं. ताजं सिमेंट तापतं, ठाऊक आहे मला. पण तिसऱ्या दिवशीही? घाबरलेय, खोटं कशाला लिहू.

१० जानेवारी

जनी कमरेखाली हलत नाही. कातडी करडी, खरबरीत. आवडाबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली, वाहू देत. म्हणाल्या, सातवं पाणी पडायच्या आत फोर गो बाय त्या वृंदावनाला, पोर सुटेल.

छिन्नी घेऊन कोपऱ्यावर एकच टोला घातला. आत घरात जनी किंचाळली. धावत गेले, तर तिची करंगळी रक्ताने भरलेली.

मी नाही फोडणार.

११ जानेवारी

पाणी मारलंच नाही. दुपारी जनीचे ओठ तडकले. धावत जाऊन वृंदावनावर तांब्या ओतला. ओठांच्या भेगा मिटल्या, आणि तिची मान ताठ झाली. पाणी घालावं तर पोर घट्ट होते, न घालावं तर— देवा, माझ्या हाताला कीड का नाही लागली.

१२ जानेवारी, दुपार

जनी बोलत नाही. माझं डावं मनगट धरलंय तिने, बोटं सुटत नाहीत. आवडाबाईंनी यांना पटवलं, एका घावात फुटलं तर सुटेल. हे घण घेऊन पडवीत— मी आडवी येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी—

कुणीतरी आई म्हणतंय. जनीचे ओठ मिटलेले. हाक पडवीतून—

अहो, थांबा! ओरडतेय मी, ऐकत नाहीत. ती इथे नाही, ती त्यात—

मनगट निघत नाही—

पहिला घाव. अजून आई म्हणतेय. बाबा नको म्हणतेय. यांना कसं ऐकू—