गरिबांची मूठ

मालवण, ११ जुलै १९६६

फिलोमेन बाय,

तू माहेरी गेलीस त्याला पाच आठवडे झाले. माझा लेक इनास बोटीवर नोकरीला, तू वेंगुर्ल्याला, आणि घरात मी नि पेटीभर तांदूळ.

रेशन आणखी कमी होणार असं ऐकलं आणि माझा धीर सुटला. तांदूळ पेटीत घालून किल्ली कमरेला लावली. भात शिजत घालताना गरिबांसाठी एक मूठ डब्यात काढायची आपल्या घरची रीत, तीही मीच मोडली. म्हटलं, दिवस कसले आहेत ते देवालाही दिसतंय. मग तुझ्या पदराच्या गाठीत तांदूळ सापडले. "माहेराक धाडतंस काय गो?" असं मी शेजारणींच्या देखत विचारलं. दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या एसटीने निघून गेलीस.

काल चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावर फादरनी मला थांबवलं. "तुमची सून दर रविवारी गरिबांची मूठ आणून द्यायची, हल्ली दिसत नाही?" तेव्हा उमगलं, मी मोजून दिलेल्या तांदळातूनच तू ती काढायचीस, आणि स्वतःच्या ताटात पेज कमी घ्यायचीस.

हे पत्र टपालात टाकायला मला तोंड नाही. पेटीतच ठेवते, तांदळावर.

संध्याकाळी जपमाळ घेऊन बसते. 'आमच्या बापा' मी सुरू करायचे, आणि रोजचा आहार मागायची पुढची अर्धी प्रार्थना तू म्हणायचीस. अजून सवयीने मी तिथे येऊन थांबते, आणि वाट बघते.

तुझी सासू,
कार्मेलीन